अंधारातला अर्धा तास

तिचं खरं आडनाव हजेरीपटावर होतं आणि तिथून ते कधी बाहेर पडलं नाही. प्रयोगशाळेत सगळे तिला काढेबाई म्हणत. दिवसभर काहीतरी भिजवायचं, गाळायचं, आटवायचं. दुसरं काय म्हणणार? नवीन आलेली माणसं आठवडाभर "काढेमॅडम, काढेमॅडम" करत अदबीने वागत, मग कोणीतरी हसत हसत सांगे की अहो, हे आडनाव नाही. तिला त्याचं काही वाटत नसे. सत्तावन्नाव्या वर्षी माणसाला एका हाकेला ओ देता आली म्हणजे पुरे.

इमारतीच्या मागे सूचिपर्णी झाडांची बाग होती. मोजून एक्केचाळीस झाडं. त्यांना पानं कसली, हिरव्या सुयाच त्या. पण त्या सुयांमध्ये अशी काही द्रव्यं असतात की ती तेलात मिसळली तर तेल लवकर खवट होत नाही. हवेतला प्राणवायू एकेका वस्तूच्या मागे लागलेला असतो. लोखंडाला गंज चढतो, कापलेलं सफरचंद काळं पडतं, तेलाला घाण वास येतो. ही द्रव्यं मध्ये पडतात, स्वतः झिजतात आणि बाकीच्यांना वाचवतात. प्रयोगशाळेच्या प्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्या या द्रव्यांना अँटिऑक्सिडंट म्हणायच्या. काढेबाई नुसतं दम म्हणायची. "आज सुयांत दम आहे," असं ती म्हणाली की मोठ्या बाईंचा चेहरा खुले.

दम मोजायचा तर आधी तो बाहेर काढावा लागतो. सकाळी आठला ती टोपली घेऊन बागेत जाई आणि ठरलेल्या फांद्यांवरून सुया खुडून आणी. त्या धुवायच्या, टिपायच्या, सावलीत वाळवायच्या, खलात बारीक करायच्या. मग पाणी आणि अल्कोहोल यांच्या मिश्रणात दुसऱ्या दिवसापर्यंत भिजत ठेवायच्या, गाळायच्या आणि फिरत्या फ्लास्कमध्ये मंद आचेवर आटवायच्या. शेवटी तळाशी मधासारखा हिरवट तपकिरी अर्क उरे. तिच्या बोटांना त्याचा वास कायमचा चिकटला होता. घरी लाकडी दाराला पॉलिश केलंय का, असं एकदा गॅसवाल्याने विचारलं होतं.

खरी परीक्षा पुढे. एका गडद जांभळ्या द्रावणात अर्काचे थेंब टाकायचे. अर्कात दम असेल तर जांभळा रंग फिका पडत पिवळ्यावर येतो. किती फिका पडला ते यंत्र सांगतं. पण मध्ये बरोबर अर्धा तास नळ्या अंधारात ठेवायच्या, कारण उजेडाने द्रावण आपोआप बिघडतं आणि सगळाच विचका होतो.

त्यासाठी कोपऱ्यात एक बिनखिडकीची कोठी होती. नळ्या आत ठेवून दार लावायचं आणि आपल्या कामाला जायचं, एवढीच खरं तर गोष्ट. पण काढेबाई नळ्यांबरोबर आत बसायची. कोणी मध्येच दार उघडू नये म्हणून, असं तिने पहिल्याच वर्षी सांगितलं होतं आणि तिचा काटेकोरपणा बघून सगळे गप्प बसले होते. खरं कारण निराळं होतं. तेव्हा कोठीत एक जुना टेलिफोन होता आणि अकरा वाजता त्यावर तिच्या धाकट्या बहिणीचा फोन यायचा.

धाकटी दुसऱ्या गावात शाळेत शिकवायची. अकरा वाजता शाळेची मधली सुट्टी होई. घंटा वाजली की ती शिक्षकांच्या खोलीतून फोन लावायची, "ताई, टाकलेस का थेंब?" आणि साडेअकराची घंटा झाली की, "चल, पळते, माझी वानरं आली," म्हणून ठेवून द्यायची. मधली सुट्टी अर्ध्या तासाची, रंग उतरायलाही अर्धाच तास. पुढे मोबाइल आले, कोठीतला टेलिफोन भंगारात गेला, फोन ॲप्रनच्या खिशात आणि वायर कानात आली, पण वेळ तीच राहिली. शाळेला सुट्ट्या असल्या तर धाकटी घरातल्या घड्याळाकडे बघून सांगे, "झाला गं अर्धा तास." कोठीतला टायमर कधीच मोडून पडला होता. नवा मागवायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही, तिच्या तर मुळीच नाही. शाळेची घंटा कानात वाजत असताना टायमर हवाय कशाला?

काढेबाईचं लग्न झालं नव्हतं. आईवडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, एक खुर्ची बसायची आणि एक कपडे टाकायची. दिवसात तिच्याशी जे काही बोलणं व्हायचं ते याच अर्ध्या तासात. धाकटी बोलायची आणि ही ऐकायची. सत्तावीस वर्षांत धाकटीने हरवलेल्या छत्र्यांचा हिशेब या कोठीला पाठ होता.

बाहेर आलं की काचसामान धुणारे बाटलीमामा दारातच उभे असत. हातात ब्रश, कोपरापर्यंत फेस.

"काय म्हणते धाकटी?"

"छत्री हरवली."

"परत? आता तिला छत्रीबरोबर साखळी द्या एक."

हे रोजचं. बाटलीमामांनी धाकटीला कधी पाहिलं नव्हतं, पण तिच्या मुख्याध्यापिकेला ते नावं ठेवत आणि तिच्या मुलीच्या परीक्षेच्या वेळी त्यांचाच जीव वरखाली होई.

चौदा महिन्यांपूर्वी, एका बुधवारी, धाकटी वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता खाली बसली आणि पुन्हा उठली नाही.

काढेबाईने दोन दिवसांची रजा टाकली. कारणाच्या रकान्यात "घरगुती काम" लिहिलं. सोमवारी परत येऊन तिने सुया खुडल्या, गाळल्या, आटवल्या. अकराला कोठीत जाऊन बसली. कानात वायर नव्हती. बाहेर आली तेव्हा बाटलीमामा दारात होतेच.

"काय म्हणते धाकटी?"

सांगायचं तिच्या अगदी ओठावर आलं होतं. पण सांगितलं की हा माणूस ब्रश खाली ठेवील, चार माणसं गोळा होतील, कोणीतरी पाणी आणून देईल, आणि उद्या साडेअकराला इथे कोणी काही विचारणार नाही. तो उद्या तिच्या अंगावर आला.

"मजेत आहे," ती म्हणाली.

एकदा म्हटल्यावर मग ते म्हणतच राहावं लागलं. आधी नुसतं "मजेत". मग एक दिवस मामा म्हणाले, "हल्ली काही सांगत नाही वाटतं?" तर तिने शाळेच्या सहलीची एक गोष्ट रचली, बस चुकली, मुलं दुसऱ्याच शाळेच्या रांगेत जाऊन जेवून आली. मामा डोळे पुसेपर्यंत हसले. त्या दिवशी घरी येऊन तिला स्वतःची किळस आली. पण हेही खरं, की ती गोष्ट सांगताना पाच मिनिटं धाकटी जिवंत होती.

अंधारातल्या अर्ध्या तासाचं काय करायचं हा प्रश्नच तिला पडला नाही. सुरुवातीला दोन-चार दिवस तिने मनात आकडे मोजले. मग तेही सोडलं. सत्तावीस वर्षं रोज अर्धा तास बसलेल्या माणसाला अर्धा तास कळत नाही? अंगात भिनलेला असतो तो. हातावरच्या घड्याळाचे काटे अंधारात चमकत, म्हणून ते ती बाहेर टेबलावर काढून ठेवायची. बसायची, पुरेसं झालं असं वाटलं की उठायची. वहीत "तीस मिनिटं, अंधार" असं लिहायची, जसं नेहमी लिहीत आली होती.

आणि सुयांतला दम कमी झाला.

आधी जो आकडा ऐंशीच्या घरात असायचा, तो साठ-बासष्टवर आला आणि तिथेच बसला. मोठ्या बाईंनी यंत्र तपासून घेतलं. रसायनं बदलली. दर वेळी सोबत क जीवनसत्त्वाची एक नळी लावलेली असे, कारण तिचा आकडा ठरलेला असतो. ती नळी बरोबर तर पद्धत बरोबर. ती नळी दर वेळी चोख यायची. म्हणजे चूक पद्धतीत नव्हती आणि काढेबाईच्या हाताबद्दल शंका घेण्याचा तर प्रश्नच नव्हता. उरली झाडं. झाडं म्हातारी झाली, असं ठरलं. वर्षभर वाट पाहूनही आकडा वर येईना, तेव्हा संस्थेच्या वरिष्ठांनी कागद काढला: बाग तोडून तिथे गोदाम बांधावं. मोठ्या बाईंनी शुक्रवारी सही करायची होती. सोमवारी करवतवाले येणार होते.

काढेबाईला झाडांचं वाईट वाटलं. पण कोणत्याही म्हाताऱ्या माणसाबद्दल वाटावं इतपतच. आपलीही नोकरी आता अकरा महिन्यांत संपणार, असं तिने मनाशी म्हटलं आणि सुया खुडल्या.

त्या आठवड्यातल्या मंगळवारी नळ्या ठेवून तिने कोठीचं दार लावलं आणि लगेच तिचा फोन थरथरला. भाची होती, धाकटीची मुलगी. एकटीच बसून आईचं घर आवरत होती.

"मावशी, आत्ता बोललं तर चालेल? आईचं कपाट उघडलंय. काय ठेवू, काय देऊन टाकू, मला काही कळतच नाहीये."

काढेबाईने अंधारात चाचपडत कानात वायर घातली. निळी साडी ठेव, ती तुझ्या बारशाला घेतलेली. पाकिटं फाडू नकोस, आत फोटो असतील. त्या खोक्यात काय आहे? बटणं? अगं, ती लहानपणापासून बटणं जमवायची. भाची मध्येच रडली, मध्येच हसली. काढेबाई रडली नाही. तिला नळ्या सांभाळायच्या होत्या. बोलणं संपल्यावर तिने दार उघडलं, नळ्या यंत्राला लावल्या आणि आकड्याकडे बघत राहिली.

एक्क्याऐंशी.

तिला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. बुधवारी पुन्हा केलं. त्याच झाडाच्या सुया, तोच अर्क. एकसष्ट. मग ती स्टुलावर बसली आणि तिने फोन काढून कालचं बोलणं किती झालं ते पाहिलं. तीस मिनिटं चाळीस सेकंद.

तिने लगेच नव्या नळ्या भरल्या, घड्याळ पाहून कोठीत शिरली आणि रोजच्यासारखी बसली. पुरेसं झालंसं वाटलं तेव्हा उठली, बाहेर येऊन घड्याळ पाहिलं. एकोणीस मिनिटं झाली होती. फार तर फार.

तिला वाटलं होतं, पस्तीस तरी झाली असतील.

त्या दुपारी तिने एकच नळी दोनदा मोजली. एकोणीस मिनिटांनी बासष्ट. परत आत ठेवली, घड्याळ रुमालात गुंडाळून मुठीत धरलं, तीस मिनिटं पुरी करून पुन्हा मोजली. ऐंशी. क जीवनसत्त्वाची नळी दोन्ही वेळा तीच. अर्थात तीच येणार. क जीवनसत्त्व दोन मिनिटांत आपलं काम उरकून मोकळं होतं. सुयांचा अर्क संथ. त्याला पुरता अर्धा तास लागतो, आणि ती चौदा महिने त्याला अर्ध्या वाटेवरून उठवून आणत होती. झाडांना काही म्हणता काही झालेलं नव्हतं.

गुरुवारी तिचं कामात लक्ष लागेना. सांगायचं म्हणजे काय काय सांगायचं? की चौदा महिन्यांचे सगळे आकडे चुकीचे. की वहीत रोज तीस लिहिलं आणि रोज ते खोटं होतं. सत्तावीस वर्षांत तिच्या आकड्याला कोणी बोट लावलं नव्हतं. तेवढी एकच गोष्ट तिने आयुष्यात मिळवली होती. मूग गिळून बसलं तर कोणाला कळणार होतं? झाडं काही बोलत नाहीत. आणि हे सगळं एक वेळ सांगता येईल. पण मोठ्या बाई विचारणारच, चौदा महिन्यांपूर्वी असं काय झालं? त्याचं उत्तर तिच्याजवळ एकच होतं, आणि ते दिलं की धाकटी इथेही मरणार होती.

संध्याकाळी ती टोपली न घेता बागेत गेली. बुंध्यांवर पांढऱ्या रंगाने क्रमांक घालून झाले होते. कोणत्या क्रमाने तोडायचं ते.

शुक्रवारी सकाळी ती मोठ्या बाईंच्या खोलीत गेली. समोर पडद्यावर आलेख उघडा होता, टेबलावर सहीचा कागद.

"बसा ना. काय काम होतं?"

"सही करू नका," काढेबाई उभ्यानेच म्हणाली. "चूक झाडांची नाही. माझी आहे."

तिने सगळं सांगितलं. एकोणीस मिनिटं, तीस मिनिटं, एकच नळी दोनदा. मोठ्या बाईंनी ऐकून घेतलं आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"काहीतरीच काय. तुम्ही अर्धा तास चुकाल? अहो, तुम्ही आत बहिणीशी बोलत असता, तिच्या शाळेची घंटा होते तेव्हा उठता. सगळ्या इमारतीला माहीत आहे. आम्ही घड्याळं लावावीत तुमच्यावर."

"बहीण गेली," काढेबाई म्हणाली.

"कधी?"

काढेबाईने पडद्याकडे पाहिलं. वर सरळ चाललेली रेघ एका जागी तुटून खाली आली होती आणि तिथून पुढे खालीच चालली होती. तिने त्या जागेवर बोट ठेवलं.

"या बुधवारी."

मोठ्या बाईंनी सहीचा कागद बाजूला सारला. त्यांनी हा आलेख वरिष्ठांना दाखवला होता, तीन बैठकांत दाखवला होता, ती पडझड समजावी म्हणून लाल रंगाने गोलही केला होता.

"आणि तुम्ही कोणालाच सांगितलं नाहीत? चौदा महिने?"

"रोज कोणीतरी तिचं विचारायचं," काढेबाई म्हणाली. "सांगितलं असतं तर ते थांबलं असतं."

सही झाली नाही. सोमवारी करवतवाले आले ते क्रमांक पुसून देऊन परत गेले, गोदामाला दुसरी जागा सापडली. चौदा महिन्यांच्या नोंदींवर मोठ्या बाईंनी स्वतः एकेक आडवी रेघ मारली. ओरडल्या नाहीत. त्यापेक्षा ओरडल्या असत्या तर काढेबाईला बरं वाटलं असतं. त्यांनी झाकणाची एक काळी पेटी मागवली, आत नळ्यांच्या खाचा, वर गजर. "आता कोणी अंधारात बसायची गरज नाही," त्या प्रेमानेच म्हणाल्या. कोठीत जुन्या फायली गेल्या. दुसऱ्या दिवशी आकडा ऐंशी आला, तिसऱ्या दिवशी एक्क्याऐंशी.

तिला वाटलं होतं तसंच झालं. माणसं एकेक करून आली, हळू आवाजात दोन शब्द बोलली आणि गेली. बाटलीमामा आले नाहीत. मोरीशी पाठमोरे उभे राहून ते बाटल्या घासत राहिले, पाणी मोठं सोडून. चौदा महिने एका मेलेल्या बाईची खुशाली विचारत होतो, हे त्यांच्या मनाला लागलं असणार. साडेअकरा वाजत आणि तिच्याकडे कोणी मान वळवूनही बघत नसे. अकरा ते साडेअकरा ती पेटीसमोर स्टूल टाकून बसे. भर उजेडात, सगळ्यांच्या मध्ये. तिथे बसायची काही गरज नव्हती, पण त्या वेळी दुसरं कुठे असतात, हे तिला ठाऊक नव्हतं.

पाचव्या दिवशी मोरीचं पाणी बंद झालं. बाटलीमामा हात पुसत आले आणि तिच्या शेजारी स्टूल ओढून बसले. पेटीवर अजून वीसेक मिनिटं बाकी होती.

"तुमची धाकटी," ते घसा साफ करून म्हणाले, "दिसायला कशी होती हो? मी कधी पाहिलीच नाही."

काढेबाईने सांगायला तोंड उघडलं. उंची सांगावी, का केस, का हसताना एक डोळा बारीक व्हायचा ते? सत्तावीस वर्षं तिने धाकटीला अंधारात नुसतं ऐकलं होतं.

"बोलायची फार," ती म्हणाली, आणि तिने आपलं स्टूल मामांकडे वळवलं.